शाळा-शाळा

रविवारी दुपारी जेवून जरा आडवी होणार, तेवढ्यात जिन्यात कुणीतरी कुणाची तरी खरडपट्टी काढत असल्याचा आवाज आला. "तोंडावर बोट! हाताची घडी! तू गं, दात काय काढालीस?" दार उघडून बघते तर शेजारची धाकटी. दुसरीत आहे. हातात फूटपट्टी, गळ्यात आईची ओढणी, आणि समोरच्या पायऱ्यांवर अख्ख्या बिल्डिंगच्या चपला ओळीनं बसवलेल्या. तिच्या आजोबांची करकर वाजणारी कोल्हापुरी पहिल्या बाकावर. माझी बाथरूममधली निळी स्लीपर शेवटच्या पायरीवर, म्हणजे ढ मुलांत.

मी दारातच उभी राहून बघत होते. बराच वेळ चपलांचा उद्धार झाल्यावर तिनं साबणाची डबी कानाला लावली. "हां मॅडम, हो मॅडम, भरते माहिती. आजच भरते." डबी खाली ठेवली आणि पुन्हा चपलांकडं वळली, "काय चाललंय?" मग परत डबी. तिच्या खेळात शिकवणं असं काही नव्हतंच. माहिती भरायची आणि मधनंमधनं ओरडायचं. तिच्या वर्गशिक्षिकेला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या बाईंची मला एकदम दया आली.

आम्ही शिवाजी पेठेत खेळायचो तेव्हा मागच्या दाराचा फळा असायचा. कोळशानं लिहायचं आणि आई बाहेर यायच्या आत पुसायचं. पुसायचं ते वरून खाली. आडवं पुसलं की भुकटी उडते, असं शाळेत कुणीतरी सांगितलेलं डोक्यात इतकं घट्ट बसलंय, की आजही कुणी फळा आडवा पुसताना दिसलं की माझे हात शिवशिवतात. मागं एकदा पतसंस्थेच्या प्रशिक्षणाला गेले होते. तिथल्या पाहुण्यांनी बोर्ड आडवा पुसला. त्यापुढचं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तर खेळात सर व्हायला भांडणं व्हायची, आणि सर म्हणजे कायम गणिताचेच सर. त्यांची नक्कल सोपी होती. खडू कानामागं, एक खांदा वर, आणि "एकोणतीस सत्ते?" असं म्हणत बाकांमधून फिरायचं. उत्तर आलं नाही की डस्टरची लाकडी बाजू बोटांच्या पेरांवर. हिवाळ्यात ती बसली की डोळ्यांत टचकन पाणी यायचं. आणि रडलं की पुढचा प्रश्न, "एकोणतीस आठ्ठे?" एकोणतीस सत्ते दोनशे तीन. मला मध्यरात्री उठवून विचारा. पतसंस्थेत पंचवीस वर्षं नोकरी केली, एकदाही याचा उपयोग झालेला नाही.

माझे आजोबा सांगायचे, त्यांना शाळेत घातलं ते विद्येसाठी नव्हे, दंड वाचावा म्हणून. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला १ रुपया दंड. त्या काळचा रुपया. पणजोबांनी हिशेब केला आणि म्हशींमागं फिरणारं पोर उचलून शाळेत नेऊन बसवलं. आजोबांच्या मास्तरांबद्दल मात्र आम्ही कितीही खोदून विचारलं तरी एकच गोष्ट निघायची: मास्तर पोरांना बोलवायला घरोघर यायचे तेव्हा लांबूनच खाकरायचे. ते खाकरणं आजोबा करून दाखवायचे. ऐंशीव्या वर्षीसुद्धा हुबेहूब. त्या मास्तरांनी शिकवलं काय, ते आजोबांना सांगता यायचं नाही.

म्हणजे माणूस शिक्षकाचं उचलतो काय, तर खाकरणं, खांदा, कानामागचा खडू. पायरीवर चपलांशेजारी टेकले आणि मला आठवलं, की आमच्या भूगोलाच्या सरांची नक्कल आमच्या गल्लीत कधी कुणाला जमली नव्हती.

प्रयत्न झाला होता. मैत्रिणीचा भाऊ एकदा म्हणाला, आज मी भूगोलाचे सर होतो. दारापुढं उभा राहिला, खिडकी नव्हती म्हणून तुळशीकडं बघितलं आणि गप्प उभा राहिला. बघतोय तुळशीकडं. आम्ही वाट बघतोय. शेवटी कुणीतरी ओरडलं, "आरं, कायतरी कर की!" तो म्हणाला, "सर असंच करत्यात." खरंच तसंच करायचे. दोन मिनिटांत खेळ मोडला आणि आम्ही पुन्हा एकोणतीस सत्तेवर आलो.

सर किरकोळ अंगाचे. पँटच्या पायाला सायकलची क्लिप, ती काढायला विसरायचे आणि दिवसभर एक पाय फुगलेला घेऊन वर्गात वावरायचे. आवाज इतका बारीक, की मागच्या बाकांना ऐकायचं तर गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता. दुपारची शाळा, साडेपाचला सुटायची. शेवटचा तास बहुतेक भूगोलाचा, म्हणजे मरगळीचाच.

आम्ही सहावीत असताना दिवाळी ऑक्टोबरातच आटपली होती. नोव्हेंबरात शाळा भरली आणि वर्गात किरणोत्सवाच्या गप्पा. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या पायांवर, मग छातीवर, मग मुखावर पडतात. तसंच पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. हल्ली मध्ये इमारती आल्या, धुरकट हवा आली, त्यामुळं कधी गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी गावभर तीच चर्चा. तेव्हा एवढं नव्हतं. तर एका मुलीनं उठून विचारलं, "सर, सूर्य रोज तिकडंच मावळतोय की. मग किरणं दोनदाच का येत्यात?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, "तिकडंच?"

एवढंच. पुढं उत्तर नाही. वर्गाला पश्चिमेकडं खिडकी होती आणि संध्याकाळी गजांच्या सावल्यांसकट तिचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडायचा. सरांनी घड्याळात पाच वाजेपर्यंत वाट बघितली, खडू घेतला, कवडशाच्या वरच्या कोपऱ्यावर फुली मारली आणि खाली तारीख घातली. १० नोव्हेंबर. म्हणाले, रोज पाचला एकानं फुली मारायची. शिपाईमामा दुसऱ्याच दिवशी ओला बोळा घेऊन भिंतीपाशी आले. सर त्यांना बाहेर घेऊन गेले. काय बोलणं झालं कळलं नाही, पण फुल्या राहिल्या.

कवडसा डावीकडं निघाला. आधी बोटभर, मग बोटभराहून कमी. डिसेंबर उजाडल्यावर फुल्या एकमेकींच्या अंगावर चढायला लागल्या आणि एकवीस-बावीस तारखेला तर तो डावीकडं सरकायचाच थांबला. सर तेव्हाही काही बोलले नाहीत. जानेवारीत तो माघारी फिरला तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण, जो वर्षभरात एकदाही बोलला नव्हता, तो म्हणाला, "सर, ह्यो मागारी यालाय." सरांनी आम्हाला कॅलेंडर मोजायला लावलं. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, ४१ दिवस. तिथून पुढं ४१ मोजले तर ३१ जानेवारी. आमच्या माना एकदम वर झाल्या. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा त्या महाद्वारासमोरून जातो आणि परत येताना एकदा. ते दोनदा असं होतं. पुस्तकात 'दक्षिणायन' आणि 'उत्तरायण' हे शब्द होते, ते आम्हाला पाठही होते, पण ते आमच्या भिंतीवर चाललेत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पहिली फुली किरणोत्सवाच्या मधल्या दिवशीची, म्हणून पुढच्या किरणोत्सवाच्या मधल्या दिवशी, १ फेब्रुवारीला, अख्खा वर्ग पाच वाजायच्या आधीपासून भिंतीकडं तोंड करून. आज कवडसा पहिल्या फुलीवर येणार. पाच वाजले. कवडसा फुलीच्या हातभर खाली आणि वीतभर डावीकडं. कुणी म्हणालं फुली चुकली, कुणी म्हणालं खिडकी हलवली. सरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू होतं. मग खिडकीबाहेर बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "मला कळंना झालंय."

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आम्ही कुणी आजवर सरांच्या तोंडून असलं वाक्य ऐकलं नव्हतं, या सरांच्या नाही, कुठल्याच नाही. पुस्तक उघडलं नाही, कुणावर डाफरले नाहीत, "हा भाग आपल्याला नाही" असंही म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून आमच्यासारखेच भिंतीकडं तोंड करून बसले. कवडसा वर चढत होता. सावकाश. आणि शाळा सुटायची घंटा झाली त्या वेळी तो कोपरा बरोबर फुलीवर आला. अर्धा तास उशिरा. घंटा झाल्यावरही आम्ही बसून राहिलो, असं म्हणायला आवडलं असतं. निम्मी पोरं बोरंवालीकडं पळाली होती. मी बसले होते.

पुढच्या आठवड्यात सर सायकल मारत शिवाजी विद्यापीठात जाऊन कुणा प्राध्यापकाला विचारून आले. आपल्या मनगटावरचं घड्याळ आपल्या गावाचं नसतंच. ते ८२.५ अंश रेखावृत्ताचं, आणि कोल्हापूर ७४ अंशांच्या जरा पुढं. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून इथं सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी. त्यात पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळं सूर्यही घड्याळासारखा चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ वाजून १७ मिनिटांनी माथ्यावर येतो आणि फेब्रुवारीत १२ वाजून ४७ पर्यंत रेंगाळतो. तो अर्धा तास तिथं गेला होता. "सूर्यच वेळेवर येईना झालाय," सर म्हणाले, "तुमचं काय धरायचं." उशिरा येणाऱ्या एकीकडं त्यांनी बघितलं. ती एक मीच होते.

आता या माणसाची नक्कल करायची तर करायची काय? "मला कळंना झालंय" हे गल्लीत म्हणून बघितलं मी. कुणी हसलं नाही. आपण शाळा-शाळा खेळतो तेच मुळी एकदाचं सगळं आपल्याला येतंय आणि समोरच्याला येत नाहीये, यासाठी. त्यात हे वाक्य बसतच नाही. कोल्हापुरातच १९८५ साली लीलाताई पाटलांनी 'सृजन-आनंद' ही आनंदानं शिकायची शाळा सुरू केली. तिथली मुलं घरी शाळा-शाळा खेळताना काय करत असतील, याचं मला फार कुतूहल आहे. ओरडतात का चपलांवर?

तर, चांगल्या शिक्षकाची नक्कल जमत नाही. पायरीवर बसल्या-बसल्या हा सिद्धान्त तयार झाला आणि मी स्वतःवर खूश होते, तोवर मराठीच्या बाई आठवल्या.

बाई पुण्याच्या. लग्न होऊन गंगावेशीत आलेल्या. आठवीत आम्हाला लाभल्या आणि पहिल्याच दिवशी हादरल्या, कारण वर्गातल्या सगळ्या मुली "बाई, मी पाणी पिऊन येतो" म्हणायच्या. कोल्हापुरात पोरी असंच बोलतात. आम्ही येतो, जातो, जेवलो, आंघोळ करून आलो. मी लिहिते तेव्हा 'बसले होते' लिहिते, पण घरात विचाराल तर 'बसलोतो'. बाई प्रत्येक वेळी थांबवायच्या, मान किंचित तिरकी करून, तर्जनी वर: "येतो नाही. ये-ते." त्या 'ते'वर असा काही जोर द्यायच्या, की गल्लीतल्या पाच वर्षांच्या पोरालासुद्धा ते जमायचं. आम्ही यावर पळवाट काढली. "बाई, पाणी प्यायला जायचंय." "बाई, घरी जाऊ?" यात येतोही नाही आणि येतेही नाही. बाईंना ही चलाखी कळली, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फळ्यावर आमचीच वाक्यं लिहून काढली आणि त्यांवरून प्रयोग शिकवला. कर्तरी, कर्मणी, भावे. आख्ख्या पेठेत व्याकरण आवडणाऱ्या वीस पोरी त्या वर्षी निघाल्या.

म्हणजे बाई चांगल्या होत्या आणि त्यांची नक्कलही झकासपैकी जमायची. सिद्धान्त गेला.

बाई मला शेवटच्या दिसल्या कपिलतीर्थ मंडईत. केस पांढरे झालेले, हातात कापडी पिशवी. मेथीवालीशी घासाघीस चालली होती आणि मेथीवाली काही ऐकत नव्हती. मी मागं उभी. बाईंनी जुडी टाकली आणि म्हणाल्या, "राहू दे बाई मग. दुसरीकडं जातो मी."

वळल्या तर समोर मी. माझी तर्जनी वर गेली होती. मुद्दाम नाही, आपोआप. बाईंनी माझ्या बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मंडईत उभ्या राहून इतक्या हसल्या, की मेथीवालीनं जुडी त्याच भावात देऊन टाकली.

जिन्यात एवढ्या वेळात ऊन आलं होतं. आमच्या जिन्याला सिमेंटची जाळी आहे पश्चिमेकडं, तिचे चौकोन समोरच्या भिंतीवर पडतात. इतकी वर्षं या घरात राहते, कधी बघितलं नव्हतं. मी धाकटीकडं खडू मागितला. "कशाला?" म्हणाली. म्हटलं, दे तर. तिनं फूटपट्टीनं मला माझ्या निळ्या स्लीपरशेजारी बसायला लावलं, हजेरी घेतली आणि मग दिला. मी वरच्या चौकोनाच्या कोपऱ्यावर फुली मारली. बरोबर पाच वाजले होते. तारीख घातली.

"हे काय?" ती म्हणाली.

"उद्या पाचला इथं ये. हा चौकोन कुठं जातोय बघू."

तिनं साबणाची डबी काखेत मारली आणि विचार केला. "उद्या पाचला क्लास असतोय."

"मग परवा."

"परवा पण असतोय की," ती म्हणाली, आणि चपलांना सुट्टी देऊन टाकली.