झाकलेले डबे

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि आमच्या बॅचच्या मुलींची शोधाशोध सुरू झाली. लग्नानंतर आडनावं बदललेली, काहींची तर सासरी नावंही बदललेली. शेवटी जनरल रजिस्टरमधल्या माहेरच्या नावांवरून यादी करावी लागली. शाळेच्या निकालांबद्दल, नव्या इमारतीबद्दल इतर लिहितीलच. मला फक्त आपल्या मराठीच्या बाईंबद्दल लिहायचं आहे.

भोंडल्याची खिरापत सर्वांना आठवत असेल. झाकलेला डबा वाजवायचा आणि आत काय ते ओळखायचं. एका वर्षी एकीच्या डब्यात नुसते चुरमुरे निघाले आणि दुसरी पटकन म्हणाली, "एवढंच?" भांडण झालं नाही. दोघी हसूनखेळून बोलत राहिल्या, पण मधल्या सुट्टीत वेगवेगळ्या बाकांवर बसू लागल्या. बाईंनी कोणालाही बोलावून काही विचारलं नाही. पुढच्या भोंडल्याला मात्र घरून डबा आणणंच बंद केलं. प्रत्येकीने मूठभर शेंगदाणे आणायचे, गूळ शाळेचा. दाणे मंद आचेवर भाजायचे, गार झाले की चोळून सालं पाखडायची, दोन वाट्या कुटाला एक वाटी चिरलेला गूळ. कूट भरड राहिलं तर लाडू वळताना फुटतो. चुरमुरे आणणारीला त्यांनी भाजायला बसवलं आणि 'एवढंच?' म्हणणारीला पाखडायला. एकीचं झाल्याशिवाय दुसरीला हात लावता येईना, त्यामुळे बोलावंच लागलं, तेही दाण्यांबद्दल. मन दुखावल्याचं कारण चारचौघांत उकरायचं नाही, दोघींच्या हाती एक काम द्यायचं, ही बाईंची रीत होती. त्यांच्याइतकी मुलींची मनं ओळखणारी शिक्षिका या शाळेला पुन्हा लाभली नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

आता पन्नाशीनंतर त्याच मुली भेटतात. "अगं, तू तश्शीच आहेस!" इथवर सगळं सोपं असतं. मग "मुलाचं कुठे जमलं का?", "मिस्टर सध्या कुठे?" सुरू होतं. विचारणारीच्या मनात काही नसतं, पण उत्तर देणारी एकदम साडीच्या काठावर बोलू लागते. तो विषय तिथेच सोडावा.

सर्वांत नाजूक बाब माहेरची. आपल्याकडे कितीतरी जणी वर्गमैत्रिणीच्या भावाला दिलेल्या आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या 1994 च्या राज्याच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने त्यांनाही आत घेतलं. मग हक्कसोडपत्रं पुढे आली. एखादीने सही केली, एखादीने वाटा मागितला, आणि त्याच घरातली वहिनी तिची बाकावरची मैत्रीण. अशा दोघी शेजारी बसून लोणच्याची कृती एकमेकींना सांगतात. त्यांना "माहेरी येणं होतं ना गं?" हे विचारू नये.

कार्यक्रमपत्रिकेत हळदीकुंकू आहे. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तरी करंडा फिरू लागला की एखादी उठून पाणी प्यायला जातेच. म्हणून करंडा फिरवू नये. दाराशी टेबलावर ठेवावा, जिला हवं ती लावून घेईल. वाण मात्र सगळ्यांना, हातात द्यावं.

वर्गणीचंही तसंच. माणशी मोठी रक्कम ठरवून नावांसकट यादी ग्रुपवर टाकली, की काहींकडे नेमके त्याच दिवशी पाहुणे येतात. बंद पाकीट घ्यावं, वर नाव नको, आणि हिशेबात फक्त एकूण आकडा सांगावा. बाईंनी डबे बंद केले तेव्हा कोणाच्या घरी काय आहे हे झाकलं गेलं होतं. आता ग्रुपवर सगळंच उघडं पडतं, परदेशातल्या मुलांचे फोटोसुद्धा, याचं मला फार वाईट वाटतं.

संयोजकांना एकच विनंती. जेवणाला केटररचे वाढपी नकोत. पंगत आमच्या बॅचला वाढू द्या, एकीकडे वरणाची बादली आणि दुसरीकडे तुपाची वाटी, अशा जोडीजोडीने. जोड्या मी लावून देईन. कोण कोणाशी मनापासून बोलत नाही, हे मला माहीत आहे.