ऑर्डर आली होती, कळली नव्हती

“ऑर्डर आलेली मला कळतच नाही. कोणतं प्लगइन टाकू?”

दर महिन्याला कुणी ना कुणी मला हे विचारतं. विचारणारी माणसं बहुतेक एकट्याने नाहीतर घरातल्या दोघा-तिघांनी मिळून छोटं ऑनलाइन दुकान चालवणारी असतात. मी हाताने शिवलेल्या वह्या विकते. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, आणि दुकान वूकॉमर्सचं, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या प्लगइनचं (प्लगइन म्हणजे वेबसाइटला जोडायची तयार सोय). तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण प्लगइनचं नाव सांगून मोकळं होणं मला पटत नाही. नवीन काही बसवण्याआधी एवढं शोधायला हवं की निरोप नेमका कुठे अडकतोय.

मला हे शिकवलं एका गिऱ्हाइकाच्या मेसेजने. “ताई, वह्या पाठवल्या का? रविवारी द्यायच्या आहेत.” कुठल्या वह्या, हेच मला कळेना. लॅपटॉप उघडून ऑर्डरची यादी पाहिली, तर तीन ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ म्हणून उभ्या. सगळ्यात जुनी चार दिवसांपूर्वीची. पैसे जमा झालेले, पत्ते दिलेले, एकीखाली तर ‘पहिल्या पानावर नाव लिहून मिळेल का’ अशी चिठ्ठीसुद्धा. आणि ते चार दिवस मी समजत होते की या आठवड्यात विक्री थंड आहे.

यातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही की चुकल्याची कुठे खूणच नव्हती. ऑर्डर आली नाही तर इनबॉक्स रिकामा असतो. ऑर्डर आली आणि मेल आला नाही, तरी इनबॉक्स रिकामाच. तिन्ही गिऱ्हाइकांना फोन केले, माफी मागितली. दोघांना वेळेत पोचवता आलं. रविवारच्या वह्या मंगळवारी पोचल्या.

त्यानंतर मी बसून हा रस्ता समजून घेतला. गिऱ्हाइकाने पैसे भरले की दुकान आधी ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहितं. मग ‘नवीन ऑर्डर’चा मेल तयार करून वर्डप्रेसच्या हाती देतं. वर्डप्रेस तो, वेगळी काही सोय केलेली नसेल तर, सर्व्हरवरच्या पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) मेल फंक्शनकडे सोपवतं. इथे दुकानाच्या दृष्टीने काम संपलं. पीएचपीच्या कागदपत्रांतच स्पष्ट लिहिलंय की मेल स्वीकारला गेला म्हणजे तो पोचला असं नाही. पत्र पेटीत टाकलं, एवढीच त्याची खात्री. पुढे पत्र पेटीतच राहिलं का, वाटेत कुणी फेकलं का, हे दुकानाला कळत नाही आणि म्हणून तुम्हालाही कळत नाही.

माझे तिन्ही मेल स्पॅममध्ये सापडले. त्यातला एक उघडून मी जीमेलमधलं ‘शो ओरिजिनल’ दाबलं. तुम्ही हे एकदा जरूर करून बघा, पाच मिनिटांत अर्धी तपासणी होते. वर एक छोटा तक्ता दिसतो. माझ्या तक्त्यात एसपीएफसमोर ‘सॉफ्टफेल’, म्हणजे ‘हा सर्व्हर बहुधा परवानगीचा नाही’ असं होतं आणि डीकेआयएमची ओळच नव्हती. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या (वेबसाइटच्या पत्त्यातल्या नावाच्या) नावाने कोणकोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा याची यादी. ती डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या जाहीर नोंदवहीत असते. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. डीएमएआरसी या दोघांच्या वर बसतं: पाठवणारा म्हणून जे डोमेन दिसतंय त्याच्याशी यादी नाहीतर सही जुळते का ते बघायचं, आणि दोन्ही जुळत नसतील तर मेलचं काय करायचं ते सांगायचं. माझा मेलबॉक्स एका सेवेकडे होता आणि वेबसाइट दुसऱ्याच होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर. यादीत फक्त मेलबॉक्सवाल्या सेवेचं नाव होतं. वेबसाइटचा सर्व्हर माझ्याच नावाने मेल पाठवत होता, पण त्या नावावर त्याचा काही हक्क कुठे नोंदलेला नव्हता. त्यातून ते होस्टिंग शेअर्ड, म्हणजे एकाच आयपी पत्त्यावर अनेक वेबसाइट. शेजारच्या एखाद्या साइटने स्पॅम पाठवला तरी त्याचा डाग सगळ्यांना लागतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी तिन्ही लागतात. बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी. “माझे दिवसाला चार मेल जातात, मला कशाला हे?” असं पुष्कळजण म्हणतात. पण त्या चारांतला एक माझ्या रविवारच्या गिऱ्हाइकाचा होता. छोट्या दुकानानेही तिन्ही करून घ्यावीत असं माझं ठाम मत आहे. एका दुपारचं काम आहे.

मी केलं ते असं. दुकानाचे मेल सर्व्हरच्या भरवशावर न सोडता मेल पाठवणाऱ्या एका सेवेमार्फत एसएमटीपीने (मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीने) पाठवायला लागले; सेटिंगमध्ये पोर्ट ५८७, आणि वर्डप्रेसला ते जोडून देणारं एक साधं प्लगइन. त्या सेवेने दिलेली रेकॉर्ड्स डीएनएसमध्ये घातली. यातली एक चूक इतक्या जणांच्या दुकानात पाहिली आहे की थोडं थांबून सांगते. सेवा म्हणते ‘एसपीएफचं हे रेकॉर्ड घाला’, आणि आपण जुन्या ओळीखाली नवी ओळ घालून मोकळे होतो. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते. दोन झाल्या की तपासणारा सर्व्हर त्यातली चांगली निवडत नाही, दोन्ही मिळून चूक समजतो. म्हणजे कालपर्यंत जे नीट पोचत होतं तेही आता डगमगतं. जुन्या ओळीतच नव्या सेवेचा ‘इन्क्लूड’, म्हणजे ‘हिचे सर्व्हरही धरा’ असा उल्लेख बसवायचा. आणि असे उल्लेख वाढवतही जायचं नाही, कारण ती यादी तपासताना डीएनएसमध्ये दहापेक्षा जास्त वेळा विचारणा करावी लागली तरी उत्तर चूक असंच येतं. वर्षापूर्वी सोडलेल्या न्यूजलेटर सेवेचं नाव अजून त्यात असेल तर आजच काढा.

पाठवणाऱ्याच्या पत्त्याचंही तसंच. ‘फ्रॉम’मध्ये आपल्या डोमेनचाच पत्ता हवा. फुकटच्या मेलसेवेवरचा खाजगी पत्ता तिथे घालायचा मोह होतो, पण एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर धोरणच केलं की याहूच्या नावाने बाहेरच्या सर्व्हरवरून आलेले मेल सरळ नाकारा. गिऱ्हाइकाला उत्तर देणं सोपं जावं म्हणून त्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये ठेवायचा, ‘फ्रॉम’मध्ये नाही.

हे सगळं करून टेस्ट ऑर्डर टाकताना मेल आपल्याच डोमेनच्या मेलबॉक्सवर मागवू नका. वेबसाइट आणि मेलबॉक्स एकाच सर्व्हरवर असतील तर मेल बाहेर जातच नाही, तिथल्या तिथे पडतो. चाचणी पास होते आणि गिऱ्हाइकाचा मेल मात्र स्पॅममध्येच जात राहतो. निदान दोन वेगळ्या सेवांवरच्या पत्त्यांवर मागवून बघा.

आता दुसरी तक्रार: “यादीत ऑर्डर दिसते, पण मेल आला नाही.” अशा वेळी मी आधी विचारते, ऑर्डरची अवस्था काय आहे? वूकॉमर्समध्ये ‘पेंडिंग पेमेंट’ असेपर्यंत दुकानदाराला मेल जात नाही. ती ‘प्रोसेसिंग’ (पैसे मिळाले) किंवा ‘ऑन होल्ड’ (पैशांची खात्री व्हायची आहे) झाली की जातो. म्हणजे गिऱ्हाईक पैसे न भरताच निघून गेलं असेल, तर मेल न येणं बरोबरच आहे. पण कधीकधी पैसे भरलेले असतात आणि ऑर्डर तरीही ‘पेंडिंग’ असते. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, पैसे मिळाल्याचा निरोप वेबहुकने (एका सर्व्हरने दुसऱ्याला आपोआप धाडलेल्या निरोपाने) दुकानाला कळवतो. तो पोचला नाही तर दुकानाला पैशांचा पत्ताच नसतो. साइट तेवढ्यात बंद पडलेली असेल, एखादं सुरक्षेचं प्लगइन त्या निरोपालाच अडवत असेल, काहीही. काही गेटवे पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. स्ट्राइप नावाचा गेटवे तर तीन दिवसांपर्यंत करतो. पण स्टॉक राखून ठेवायची मुदत वूकॉमर्समध्ये मुळात ६० मिनिटांची असते, आणि स्टॉकचा हिशेब चालू असेल तर तेवढ्या वेळात पैसे न दिसलेली ऑर्डर आपोआप रद्द होते. गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले आणि त्याला ‘ऑर्डर रद्द’ दिसतं. याहून वाईट अनुभव आपण कुणाला देऊ शकत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा मी गेटवेची यादी आणि दुकानाची यादी शेजारी ठेवून जुळवते.

उलट दिशेचे वेबहुकही तपासा. ऑर्डरची माहिती शीटमध्ये नाहीतर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जावी म्हणून तुम्ही वूकॉमर्समधून वेबहुक लावला असेल, तर पलीकडून सलग पाचाहून जास्त वेळा नीट उत्तर आलं नाही की तो बंद होतो. पुन्हा चालू तुम्हालाच करावा लागतो. शिवाय हे निरोप लगेच न जाता रांगेत लागतात, आणि ती रांग पुढे सरकवणारी वर्डप्रेसची क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) कुणी साइटवर आलं की हलते. गजबजलेल्या दुकानात हे जाणवत नाही. आपल्यासारख्यांच्या साइटवर रात्री दोन-तीन तास कुणीच फिरकत नाही, मग रांग तशीच उभी. होस्टिंगच्या पॅनेलमधून दर पाच मिनिटांनी चालणारी खरी क्रॉन लावली की हा प्रश्न सुटतो.

फोनवर वाजणारी सूचना यानंतर. मी टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप मेसेज पाठवणारं खातं वापरते. टेलिग्रामच्याच बॉटफादर या बॉटकडून टोकन (बॉटची गुप्त किल्ली) घ्यायचं, आपल्या चॅटचा आयडी शोधायचा, दोन्ही दुकानाला टेलिग्राम जोडणाऱ्या प्लगइनमध्ये भरायचे, झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच अधिकृत मार्गाने करायचं तर आपल्याकडून सुरू होणाऱ्या मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एसएमएस मराठीत पाठवायचा असेल तर लक्षात ठेवा, रोमन अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० वर्णचिन्हं मावतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे दोन ओळींचा निरोपसुद्धा दोन मेसेजचा होतो.

कुठलंही माध्यम घ्या, पण निरोपात ऑर्डरचा नंबर आणि काय घेतलं एवढंच ठेवा. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन नंबर चॅटमध्ये फिरवू नका. त्यांनी तो पत्ता वही पोचवण्यासाठी दिलाय.

अँड्रॉइड फोन असेल तर त्या अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. अँड्रॉइड ६ पासून फोन बराच वेळ पडून राहिला की अ‍ॅप्सची कामं पुढे ढकलतो आणि सूचना फोन उचलल्यावर एकदम येऊ शकतात. ऑर्डरला वेगळा आवाज द्या, आणि तो आवाज दुसऱ्या कशालाही देऊ नका. स्टॉक कमी झाला, कुणी अभिप्राय लिहिला, प्लगइनचं अपडेट आलं, हे सगळं मी मुकं केलंय. दिवसाला तीस वेळा वाजणारा फोन आपण ऐकेनासे होतो, आणि मग नेमकी एकतिसावी वेळ ऑर्डरची असते.

एवढं करूनही सकाळी मी इनबॉक्स उघडत नाही, आधी दुकानातली ऑर्डरची यादी उघडते. ऑर्डर तिथे असते. मेल आणि टेलिग्राम फक्त तिची बातमी आणतात.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने हाच प्रश्न विचारला. फोनवर बोलता बोलताच तिला ‘शो ओरिजिनल’ उघडायला लावलं. एसपीएफसमोर चूक दिसली; डीएनएस पाहिलं तर एसपीएफच्या दोन ओळी निघाल्या. दोन्हींची एक केली, डीकेआयएमचं रेकॉर्ड घातलं, डीएनएसमध्ये बदल उमटेपर्यंत थांबलो आणि टेस्ट ऑर्डर टाकली. मेल इनबॉक्समध्ये आला. ती खूश झाली, ठेवते म्हणाली. मी म्हटलं, ठेवायच्या आधी एकदा ऑर्डरची यादी उघड. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “अगं, टेस्ट ऑर्डरच्या खाली अजून दोन आहेत.”