राष्ट्रपतींवरचा अनुस्वार

आमच्या सोसायटीतल्या प्रजासत्ताक दिनाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. यंदा जरा रुबाब आणावा म्हणून मी लिहिलं, 'महामहिम राष्ट्रपतींनी काल संध्याकाळी देशाला उद्देशून केलेल्या भाषणात...' दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी कागद पाहिला आणि 'महामहिम'वर शांतपणे काट मारली. "ते २०१२ सालीच गेलं," त्या म्हणाल्या. जुने शेजारी वारल्याची बातमी सांगावी तशा सुरात.

खरंच गेलं होतं. प्रणव मुखर्जी जुलैमध्ये राष्ट्रपती झाले आणि ऑक्टोबरात त्यांनी 'महामहिम' आणि त्याचा इंग्रजी थोरला भाऊ 'हिज एक्सलन्सी' हे दोन्ही देशातल्या समारंभांतून काढून टाकले. परदेशी पाहुण्यांच्या देखत चालतील, तिकडची तशी रीतच आहे. घरात 'राष्ट्रपती महोदय' किंवा 'माननीय' पुरे. व्हाइसरॉय १९४७ मध्ये गेले, वाडा आपल्याला मिळाला, पण खुंटीवर राहिलेला त्यांचा अंगरखा उतरवायला ६५ वर्षं लागली. सूत्रसंचालकांनी तर तो अजून उतरवलेला नाही. माइक हातात आला की जीभ आपोआप जड होते.

'राष्ट्रपती' या शब्दाचंही एकदा असंच झालं होतं. २५ जुलै २००७ ला आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील त्या पदावर बसल्या, आणि ज्याला त्याला व्याकरण आठवलं. "मग आता राष्ट्रपत्नी म्हणायचं का?" हा विनोद मी तेव्हा किमान दहा जणांकडून ऐकला, आणि दहाही जणांना तो स्वतःलाच सुचला होता. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मूंबद्दल तोच शब्द लोकसभेतल्या काँग्रेसच्या नेत्याच्या तोंडून गेला, तेव्हा संसदेत गदारोळ झाला आणि त्यांना लेखी माफी मागावी लागली. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. पंचायत समितीच्या सभापतिपदावर आपल्याकडे कितीतरी वर्षं बायका बसतायत. 'सभापती' शब्दातला पती कुणाला खुपला नाही. पती म्हणजे स्वामी, सांभाळणारा. लखपतीचं लग्न लाखाशी लागलेलं नसतं. पतीचा खरा घोळ आहे तो गावात. बाई निवडून येते आणि कारभार नवरा हाकतो, त्याला लोक 'सरपंचपती' म्हणतात. त्या शब्दावर मात्र कुणी माफी मागत नाही.

बाईंनी काट मारल्यावर उरलेलं वाक्य मी पुन्हा वाचलं. 'राष्ट्रपतींनी'. त्या 'तीं'वरच्या टिंबात सगळं आलं होतं. ते टिंब काढा आणि 'राष्ट्रपतीने' म्हणून बघा, कानालाच बरं वाटत नाही. वर्तमानपत्रं नुसतं 'मुर्मू म्हणाल्या' छापतात, मागे-पुढे काही नाही, तरी कुणाला उणं वाटत नाही. मान क्रियापदाने राखलेला असतो. उलट ज्याच्यावर जीव, त्याला आपण बिनदिक्कत एकेरीत आणतो. सचिन खेळला, विठोबा विटेवर उभा राहिला. नगरसेवक मात्र आले.

अमेरिकेच्या प्रमुखाला आपण राष्ट्रपती म्हणत नाही, अध्यक्ष म्हणतो. हिंदीवाले राष्ट्रपति म्हणतात. १७८९ मध्ये तिथल्या सिनेटने वॉशिंग्टनना 'हिज हायनेस' म्हणावं आणि पुढे 'स्वातंत्र्याचे रक्षक' वगैरे शेपूट लावावं असं घाटलं होतं. दुसऱ्या सभागृहाने दाद दिली नाही, म्हणून आजही तिथे नुसतं 'मिस्टर प्रेसिडेंट'. म्हणजे मराठीत बघायला गेलं तर ते आणि आमच्या सोसायटीचे अध्यक्ष एकाच हुद्द्यावर.

सव्वीसला सकाळी झेंड्याखाली उभं राहून मी 'राष्ट्रपतींनी' एवढंच वाचलं, टिंबावर किंचित जास्त जोर देऊन. बाईंनी पहिल्या रांगेतून मान हलवली. पुढची ओळ ध्वजवंदन करणाऱ्या आमच्या अध्यक्षांची होती. कागद माझ्या हातात येण्याआधी त्यांच्याकडून फिरून आला असावा, कारण त्यांच्या नावामागे निळ्या पेनाने बारीक अक्षरात 'सन्माननीय' लिहिलेलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं.