आमची वाटचाल : झुलणाऱ्या गाड्यांचं गॅरेज

१९९४ साली कोल्हापुरात उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात गॅरेज सुरू केलं, तेव्हा सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीचं काम दहा मिनिटांचं असायचं. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा, कान देऊन इंजिन ऐकायचं, की झालं. २०००च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी, झाली आणि नुसत्या कानावर भागेना.

पहिली चूक माझीच. एका सँट्रोचं आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, कमी होतं, म्हणून जुन्या सवयीने थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, स्टॉप स्क्रू फिरवला. आठवड्यात गाडी परत आली, आता आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, खालीच येईना. दोष थ्रॉटल बॉडीत साचलेल्या कार्बनचा होता. पैसे परत केले, मल्टिमीटर आणला आणि वायरिंगचे नकाशे वाचायला बसलो. त्या स्क्रूला तेव्हापासून आमच्याकडे कोणी हात लावत नाही.

एका निवृत्त शिक्षकांची झेन आठवते. "मालक, गाडी झुलतीया," म्हणाले. सकाळी थंड असताना ठीक. गरम झाली की आरपीएमचा काटा हजारावरून अठराशेवर, परत खाली, परत वर. तीन ठिकाणी दाखवून आयडल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल सेन्सर बदलून झाले होते. त्या गाडीत दोन पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा उघडझाप करून कोड सांगतो. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा. १२. म्हणजे ईसीयूची, इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची, काही तक्रार नाही.

मग हवा कुठून येते ते शोधायला लागलो. मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागाकडे, जाणारी एकेक रबरी नळी पकडीने दाबत गेलो. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारी, नळी दाबली आणि काटा साडेआठशेवर स्थिर झाला. नळी काढून उलटी केली, तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर.

चिरेतून जादा हवा शिरायची. मॅनिफोल्डचा दाब वाढलेला बघून ईसीयू पेट्रोलही जास्त सोडायचा, आरपीएम चढायचा. पण थ्रॉटल तर बंद! गाडी पाय सोडून उतारावरून चालली आहे असं समजून तो पेट्रोल तोडायचा. आरपीएम पडला की पुन्हा सोडायचा. थंड इंजिनला पेट्रोल तोडण्याची आरपीएमची मर्यादा वर असते, म्हणून सकाळी त्रास नव्हता. वीतभर नळीने काम झालं. सरांनी जुनी नळी रुमालात गुंडाळून नेली.

आज डिप्लोमा केलेला भाचा सोबत आहे, स्कॅनरही आहे. तरी कूलंटचा सेन्सर बदलण्याआधी आम्ही तो मीटरवर मोजतो आणि बिलावर आकडा लिहितो. पार्ट बदलून बघू, असं म्हणणं मला गिऱ्हाइकाच्या खिशाशी बेइमानी वाटते.

आयडलची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावा. सकाळी थंड इंजिनची पहिली पाच मिनिटं बघितल्याशिवाय आम्ही पाना हातात घेत नाही.