लीदेची वाट बघणं म्हणजे काय ते आज कळलं

संध्याकाळी नागपुरात फुटाळा तलावावर चहा घेत होतो तर मामाचा फोन, "घोडी कसंतरीच करून राहिली बे, लवकर ये". वरातीची घोडी आहे त्याची. जाऊन पाहतो तर पुढच्या पायाने जमीन खरवडते, सारखी मान वळवून आपल्याच पोटाकडे बघते, मधेच लोळायला जाते अन् सकाळपासून लीद नाही. शेजारचे काका बाटलीने तेल पाजायला निघाले होते, डॉक्टर वेळेवर आले म्हणून बरं, ते तेल फुफ्फुसात गेलं असतं म्हणे.

कॉलिक, म्हणजे पोटशूळ. नाडी मिनिटाला ६०, एरवी २८ ते ४४ असते. मग इंजेक्शन दिलं अन् नाकातून नळी टाकली, कारण घोड्याला उलटी होतच नाही, आत गॅस किंवा पाणी तुंबलं तर पोट फुटूही शकते. एवढं मोठं जनावर अन् उलटी नाही, बाप्पा!

कारण विचारलं तर मामा गप्प. काल वरातीत लोकांनी हौसेने चणे चारले, कुटार (भुसा) एकदम नवीन आणलं अन् या ४४ डिग्रीत बादली दुपारभर कोरडी. डॉक्टर म्हणाले चारा बदलायचा तर ७-१० दिवसांत थोडा थोडा बदला, पाणी कायम समोर ठेवा, जंताचं औषध चुकवू नका. मामीने लगेच, "मी कधीची सांगत होती".

साडेदहाला घोडीने लीद टाकली. मामाने तिचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलाय, जेवताना उघडू नका.