थोडासा वायू, पण कुठे साचलेला?

सच्छिद्र वालुकाश्माची रंध्रे पूर्णपणे पाण्याने किंवा पूर्णपणे वायूने भरलेली असतील, तर त्यातून जाणाऱ्या भूकंपलहरीची ऊर्जा तुलनेने कमी खर्ची पडते. पाण्यात थोडासाच वायू ठिकठिकाणी साचलेला असेल, तर मात्र तीच लहर लक्षणीय क्षीण होते. हे क्षीणन केवळ वायूच्या प्रमाणावर बेतून मोकळे होणे मला अपुरे वाटते, कारण वायूची मांडणीही तितकीच निर्णायक असते.

पी तरंग (खडकाला आळीपाळीने दाबत व सैल करत पुढे जाणारी लहर) खडक दाबतो तेव्हा पाण्याच्या भागातील दाब झपाट्याने वाढतो, तर उथळ खोलीवरचा वायू पाण्यापेक्षा शेकडो पटींनी अधिक दबणारा असल्यामुळे त्याच्या भागात दाब जेमतेम वाढतो. या फरकामुळे पाणी वायूच्या ठिपक्याकडे सरकते, पुढच्या अर्ध्या आवर्तनात मागे फिरते, आणि या ये-जा करण्यात पाण्याच्या श्यानतेमुळे (वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधामुळे) लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. सच्छिद्र खडकातील लहरींविषयीच्या, बियो यांच्या 1956 च्या सिद्धांतातही खडकाचा सांगाडा आणि द्रव यांच्यातील सापेक्ष हालचाल आहे, पण एकजिनसी द्रव गृहीत धरल्यास भूकंपीय वारंवारतांना त्यातून निघणारे क्षीणन नगण्य ठरते. ठिपक्यांचा विचार करून, पाण्याच्या कवचात वायूचा गोल अशी प्रतिकृती भूभौतिकशास्त्रज्ञ जे. ई. व्हाइट यांनी 1975 मध्ये मांडली.

या प्रतिकृतीचे मर्म वेळेत आहे. सुमारे 100 मिलिडार्सी पार्यतेच्या (पार्यता म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, मिलिडार्सी हे तिचे एकक), पाण्याने भरलेल्या खडकात 30 हर्ट्झला दाब एका आवर्तनात काही सेंटिमीटरच पसरतो. 10 लाख हर्ट्झला तेच अंतर एका मिलिमीटरहूनही कमी भरते. ठिपके या अंतराहून फार लहान असले तर दाब लगेच समान होतो, फार मोठे असले तर पाण्याला सरकायला सवडच मिळत नाही. कमाल क्षीणन या दोहोंच्या मधे सापडते. म्हणूनच प्रयोगशाळेत श्राव्यातीत वारंवारतेला मोजलेले क्षीणन थेट क्षेत्रीय नोंदींना लावणे मला धोक्याचे वाटते. (कमी वारंवारतेची उपकरणे आहेत, पण हातभर लांबीच्याही नमुन्यात मोठे ठिपके मावत नाहीत.)

पी तरंगाचा वेग काही टक्के वायूनेच बराच घसरतो आणि पुढे फारसा बदलत नाही, त्यामुळे थोडा वायू आणि भरपूर वायू यांत भेद करणे वेगावरून अवघड जाते. क्षीणन इथे उपयोगी पडू शकते, विशेषतः एस तरंगाशी (खडकाला आडवे हलवणाऱ्या लहरीशी) तुलना केल्यास, कारण त्यातील कर्तनाने, म्हणजे आकार तिरका होण्याने, रंध्रांतील दाब फारसा वाढत नाही. मात्र पातळ थरांमुळे होणारे विकिरणही (लहर विखुरली जाणेही) लहरीला असेच क्षीण करते, आणि ते आधी वेगळे काढावे लागते.