अल्पीनाची बुडालेली जहाजं

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, लेक ह्युरॉन या विशाल सरोवराच्या काठी असलेल्या अल्पीना गावी निघायच्या आदल्या रात्री आम्ही 'आयरन्टन'च्या अवशेषांची चित्रफीत मुलांसोबत पाहिली. तुम्हीही पाहूनच जा. २६ सप्टेंबर १८९४ च्या मध्यरात्री लेक ह्युरॉनवर हे १९१ फुटी गलबत 'ओहायो' या मालवाहू जहाजावर आदळलं. सातही खलाशी जीवरक्षक होडीत उतरले, पण होडीचा दोर काही सुटेना. बुडणाऱ्या गलबताने होडीलाही खाली ओढलं. दोघे वाचले, पाच गेले. २०१९ मध्ये गलबत सापडलं, तेव्हा तिन्ही डोलकाठ्या उभ्या होत्या आणि होडी अजून त्याच दोराने बांधलेली होती. तो दोर पाहून धाकटा बराच वेळ काही बोलला नाही.

डेट्रॉईटहून अल्पीनाला गाडीने चारेक तास लागतात. नदीकाठच्या संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. आत पूर्ण मापाचं शिडाचं गलबत उभं केलंय, त्याच्या डेकवर चढता येतं. लहान मुलं असतील तर इथे दोन तास सहज जातात.

खरं पाहायचं ते पाण्यावर. उन्हाळ्यात इथून काचेच्या तळाची बोट सुटते. जागा आधीच राखून ठेवा आणि हाताशी एक दिवस जास्तीचा असू द्या, कारण वारा वाढला की फेरी रद्द होते. जुलैतही जाकीट हवंच. खाली पाहताना आधी नुसतं हिरवट पाणी, मग एकदम रांगेने फळ्या, मध्येच वाकलेल्या बरगड्या. बोटीवर कुजबुजसुद्धा थांबली.

लाकूड इतकं टिकलं ते थंड, गोड्या पाण्यामुळे. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, तो इथे नाही. अलीकडे मात्र बाहेरून आलेल्या क्वाग्गा शिंपल्यांनी अवशेषांवर थरच्या थर चढवलेत, ते पाहून वाईट वाटतं.

ही बुडालेली जहाजं जपण्यासाठी २००० साली इथे थंडर बे राष्ट्रीय सागरी अभयारण्य झालं. २०१४ मध्ये ते ४४८ वरून ४,३०० चौरस मैलांवर गेलं. इथे जहाजं वर काढत नाहीत, जिथे बुडाली तिथेच राखतात आणि लोकांना तिथे नेऊन दाखवतात. मला हेच मनापासून पटलं. वर काढलेलं लाकूड वाळताना तडकतं, आणि गावाचं जहाज गावाच्याच पाण्यात राहावं.

स्वतःची बोट नेणार असाल तर अवशेषांवर नांगर टाकू नका, एका धक्क्यात शंभर वर्षांचं लाकूड मोडतं. बऱ्याच ठिकाणी तरंगते बोये लावलेले असतात, त्यांनाच बोट बांधा. काही अवशेष इतके उथळ आहेत की कयाकमधूनही दिसतात. खिळासुद्धा उचलायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे.

आमच्या फेरीत धाकट्याने वाटाड्याला एकच प्रश्न विचारला: आता होड्यांचे दोर चटकन सुटतात का?